माशीघरातल्या सिंधूबाई

माशांसाठी शिजवलेला शिरा सिंधूबाई आधी स्वतः चाखायच्या. मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट शिजवून बाटल्यांत ओतायचं आणि त्यावर आमच्या फळमाशा वाढवायच्या, हे त्यांचं काम. "घरी माशा हाकलतो, अन् इथं त्यायलेच शिरा करून घालतो," म्हणायच्या. जुन्या बाटलीतून नवीत माशा झटकताना हाक असायची, "चला वं बायांनो, सासरी!"

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. नागपूरच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवत होते. सिंधूबाईंची दोन बाळं पोटातच गेली होती. तिसऱ्या खेपेचा चौथा महिना होता, गर्भ टिकावा म्हणून दर आठवड्याला इंजेक्शन घ्यायला जायच्या. कॉलेजात फक्त मला सांगितलं होतं. "या खेपी राहते पाहा, बाई."

त्या वर्षी माशांचा एक वाण आला. माद्या दिसायला धडधाकट, पण त्यांच्या अंड्यांतून अळी निघत नसे. एरवी गर्भातल्या पेशींना प्रथिनांकडून निरोप मिळतो: तू पोटाची हो, तू पाठीची. इथे तो निरोपच पोचत नव्हता. सगळ्या पेशी पाठीच्या व्हायच्या, पोट बनायचंच नाही. खेड्यांतून आलेल्या मुलींना इंग्रजी झेपत नव्हतं, म्हणून त्या दिवशी मराठीत सांगितलं, "निरोपाची तयारी आई अंड्यातच करून ठेवते. दोष आईत आहे. नर कितीही चांगला असो, गर्भ जगणार नाही." मागे सिंधूबाई बाटल्या पुसत होत्या. तास चांगला झाला म्हणून मी खुशीत होते.

त्याच आठवड्यात त्यांनी इंजेक्शनं बंद केली. हे मला दोन महिन्यांनी कळलं, बाळ गेल्यावर. इंजेक्शनांनी ते नक्की जगलं असतं असं डॉक्टरही म्हणाले नाहीत. मीही म्हणत नाही.

कळमन्याजवळ त्यांच्या घरी गेले. माशीचं माणसाला लागू करू नका, आणि त्या माशीतही दोष तिच्या आईबापांकडून, दोघांकडून येतो, असं सगळं नीट समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"सासू म्हने दोष तुह्यातच हाय, तं मी मानत नव्हतो, बाई. थे अडाणी हाय, म्हनो. तुमी तं शिकलेल्या." मग पदर सावरून म्हणाल्या, "सारं इंग्रजीत सांगता. तेवढंच मराठीत काहून सांगतलं?"

मुलींना समजावं म्हणून, हे उत्तर माझ्याजवळ होतं. त्या पुन्हा कामावर आल्या नाहीत.