नमस्कार करून आत येणारा टाइट एन्ड

"ट्वेल्व्ह बंद करू या," ओकाबे-सान म्हणाले. "चार्ट तुमचाच आहे, केळकर-सान. त्यात स्वच्छ दिसतंय."

चार्ट माझाच होता, हे खरं. कोबेतल्या एका यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत मी डेटा अ‍ॅनालिस्ट आहे. कुठल्या गोदामात कुठला पार्ट किती लागेल याचा अंदाज बांधणं हे माझं रोजचं काम. पण कंपनीची अमेरिकन फुटबॉलची टीमही आहे. खेळाडू सगळे आमचेच कर्मचारी. दिवसभर ऑफिसात नेमस्तपणे बसतात आणि सुट्टीच्या दिवशी एकमेकांना धडका देतात. आमचे विभागप्रमुख ओकाबे-सान हेच टीमचे जनरल मॅनेजर. "जरा बघता का" असं म्हणत त्यांनी टीमचा सगळा डेटा माझ्या गळ्यात घातला. चेंडू हातात धरून पळतात त्या खेळाला फुटबॉल का म्हणायचं, इथून माझी सुरुवात होती.

थोडक्यात खेळ असा. ज्यांच्याकडे चेंडू, त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. जमलं तर आणखी चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्यांकडे. मैदानाच्या टोकाची गोलरेषा चेंडूसकट ओलांडली की गुण. एकेका प्रयत्नाला प्ले म्हणतात. प्ले मुळात दोनच जातीचे, चेंडू घेऊन पळा किंवा फेका. यातलं कुठलं येणार हे समोरच्यांना आधी कळलं तर कारभार बोंबललाच.

मैदानात एका बाजूचे अकरा जण. त्यातले सहा ठरलेले असतात, पाच आडदांड भिंत धरणारे आणि एक चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक. उरलेले पाच कोण घ्यायचे यात सगळं डोकं. पळणारे ते रनिंग बॅक. लांब जाऊन झेलणारे ते रिसीव्हर. आणि भिंतीच्या टोकाला उभा राहून धक्के देणारा, वेळ पडली तर झेलणाराही, तो टाइट एन्ड. एक रनिंग बॅक आणि दोन टाइट एन्ड असले की त्या संचाला 'ट्वेल्व्ह' म्हणतात, म्हणजे एकावर दोन. एक आणि एक असला की 'इलेव्हन'. माझी आई तेव्हा पुण्याहून माझ्याकडे राहायला आली होती. तिला मी पंगतीवरून समजावलं. जेवायला कोण कोण आलंय ते पर्सोनेल, आणि कोण कुठल्या पाटावर बसलंय ते फॉर्मेशन. तिला ते लगेच पटलं.

एका प्लेत सरासरी किती यार्ड मिळाले ते दाखवणाऱ्या माझ्या चार्टमध्ये इलेव्हनचा बार उंच होता आणि ट्वेल्व्हचा बुटका. ट्वेल्व्ह बंद म्हणजे दुसरा टाइट एन्ड बंद. आणि आमचा दुसरा टाइट एन्ड म्हणजे कुरोदा-सान.

कुरोदा-सान जनरल अफेअर्समध्ये, म्हणजे कर्मचाऱ्यांची सगळी व्यवस्था बघणाऱ्या विभागात आहेत. मी जपानमध्ये आले तेव्हा घर, बँक, वॉर्ड ऑफिस सगळीकडे तेच बरोबर होते. कुठल्या वारी कुठला कचरा कुठल्या पिशवीत टाकायचा, हे त्यांनी मला आमच्या बिल्डिंगखाली उभं राहून, रिकामी बाटली हातात घेऊन शिकवलं. दाराएवढा रुंद माणूस बाटलीचं लेबल नखाने सोलत होता. वय पस्तिशीच्या पुढे. टीममध्ये असेपर्यंत कंपनी खेळाडूची बदली करत नाही. नाव कमी झालं की एप्रिलमध्ये क्युशूची शाखा, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. मुलीच्या शाळेमुळे बायको इथेच राहणार. बापाने एकट्यानेच बदलीच्या गावी जाऊन राहणं इथे इतकं नेहमीचं आहे की त्याला जपानीत वेगळा शब्द आहे. माझ्या एका बुटक्या बारामुळे तो शब्द कुरोदा-सानांच्या घरात शिरणार, याचं मला फार वाईट वाटत होतं.

"मीटिंगपर्यंत मला जरा वेळ द्या," मी म्हटलं.

"मीटिंग शुक्रवारी आहे," ओकाबे-सान म्हणाले. म्हणजे वेळ दिला.

पहिली शंका सोपी होती. गंभीर पेशंट ज्या डॉक्टरकडे पाठवतात त्याचे जास्त दगावतात, म्हणून तो डॉक्टर वाईट ठरत नाही. ट्वेल्व्हही कदाचित फक्त अडचणीच्या वेळी वापरत असतील. मी सारख्या परिस्थितीतले प्ले बाजूला काढून पुन्हा तुलना केली. फरक थोडा कमी झाला, पण गेला नाही. आता आकड्यांत आणखी खणण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी व्हिडिओ लावले.

आई शेजारी मटार सोलत बसली होती. बँकेत नोकरी केलेली बाई, त्यामुळे समोर काही चाललं असेल तर ती तपासल्याशिवाय सोडत नाही.

"हा मुलगा गुणी आहे गं," ती म्हणाली. "दर वेळी मैदानाला नमस्कार करून आत येतो."

तो गुणी मुलगा म्हणजे कुरोदा-सान. जपानी खेळाडू मैदानाला वाकून नमस्कार करतात, पण बाकीचे मॅचच्या सुरुवातीला आणि शेवटी. कुरोदा-सान मात्र दर वेळी रेषेपाशी थांबायचे, कमरेतून वाकायचे, मग धावत आत जायचे. शाळेच्या क्लबमध्ये लागलेली सवय.

"पण याने नमस्कार केला की समोरचे ते जाडजूड सगळे मधे का येऊन बसतात?" आईने विचारलं.

मी व्हिडिओ मागे नेला. पुन्हा पाहिला. मग दुसऱ्या मॅचचा लावला. कुरोदा-सान वाकले की समोरचा एक जण हात वर करून ओरडायचा आणि त्यांची मागची माणसं पुढे, मध्यभागी सरकायची. आम्ही चेंडू घेऊन थेट त्या गर्दीत पळायचो. मी डेटा उघडला. कुरोदा-सान आत आले की आमचा प्ले जवळजवळ दर वेळी पळण्याचाच होता. म्हणजे ट्वेल्व्हमध्ये खोट नव्हती. आम्ही काय करणार ते आधी सांगत होतो, तेही वाकून.

"आई, मटार राहू दे. तुला आज बाहेर जेवायला नेते."

"बाहेर कशाला? मटार सोलून झालेत," ती म्हणाली.

आता हे मीटिंगमध्ये एकदम उठून सांगण्याची सोय नव्हती. आमच्याकडे मीटिंगमध्ये वाद घालत नाहीत. आधी एकेकाला गाठून बोलायचं, आणि मीटिंगमध्ये फक्त माना हलवायच्या. मी कोच निशिओ-सानांना कॅन्टीनमध्ये गाठलं. त्यांच्यासमोर वाटीभर नूडल्स होत्या. लॅपटॉप पाहता पाहता त्या थंड झाल्या.

"कुरोदाला नमस्कार करू नको म्हणून सांगायचं का?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही सांगू शकाल?"

त्यांनी वाटी बाजूला सारली. "नाही."

"सांगायची गरज नाही. नमस्कार थांबवला तरी कुरोदा-सान आत येताना दिसणारच. त्यांना बाहेरच काढू नका. पहिल्या प्लेपासून आत ठेवा. माणसं तीच, जागा बदलायच्या. एकदा भिंतीपाशी उभं करा, एकदा लांब कडेला, एकदा मागे. आपण माणसं बदलली नाहीत तर समोरच्यांनाही बदलायला वेळ मिळत नाही. आणि अधूनमधून कुरोदा-सानांकडे चेंडू फेका."

"कुरोदाकडे फेकायचा?"

"झेलता येत नाही का त्यांना?"

"येतं," निशिओ-सान म्हणाले. "आम्ही कधी विचारलंच नाही."

शुक्रवारपर्यंत ते स्वतः ओकाबे-सानांशी बोलून आले होते. मीटिंगमध्ये मी नवा चार्ट दाखवला, सगळ्यांनी माना हलवल्या. ओकाबे-सान शेवटी एवढंच म्हणाले, "उरलेल्या मॅच बघू. नाही जमलं तर एप्रिल आहेच." गंमत नव्हती ती.

पहिल्या मॅचमध्ये जेमतेम जमलं. कुरोदा-सान एकदा वाकले आणि आतच राहिले. समोरचे गोंधळले, पण आमचेही गोंधळले. दोघे एकाच पाटावर बसायला धावले आणि एक प्ले वाया गेला. तरी जिंकलो.

शेवटची मॅच घासून चालली होती. आई थर्मासमधून चहा घेऊन माझ्या शेजारी बसली होती. वेळ संपत आली, आम्ही मागे होतो, गोलरेषा अगदी जवळ आणि प्रयत्न शेवटचा. आणि निशिओ-सानांनी आधीच्या प्लेला बाहेर काढलेल्या कुरोदा-सानांना पुन्हा आत पाठवलं. बाहेर काढू नका असं मीच सांगितलं होतं. ते रेषेपाशी थांबले. वाकले. समोरून आरोळी उठली आणि सगळे जाडजूड मध्यभागी जमा झाले.

क्वार्टरबॅकने चेंडू रनिंग बॅकला दिल्यासारखं केलं. सगळा ढीग त्याच्यावर पडला. कुरोदा-सान एक धक्का देऊन हळूच कडेने पुढे सरकले. गोलरेषेच्या आत ते एकटेच उभे होते, आसपास चिटपाखरू नाही. चेंडू आला. त्यांनी तो पोटाशी धरला, लेबल सोललेल्या बाटलीसारखा जपून.

आम्ही जिंकलो. आईने चहा माझ्या मांडीवर सांडला. मला नंतर कळलं.

मॅचनंतर मी त्यांना गाठलं. "तो नमस्कार मुद्दाम केला होता का?"

कुरोदा-सान जरा दुखावलेले दिसले. "नमस्कार खराच होता, केळकर-सान," ते म्हणाले. "पुढचं त्यांनी गृहीत धरलं."

एप्रिल आला. कुरोदा-सान कोबेतच राहिले. ओकाबे-सानांनी माझा चार्ट स्वतःच्या प्रेझेंटेशनमध्ये घातला, खाली माझं नाव न घालता, हीही इथली रीतच.

मी एवढं शिकले की चार्टमध्ये आपलं काय झालं ते दिसतं, समोरच्याला आपल्याबद्दल काय कळलंय ते दिसत नाही. ते बघायला शेजारी मटार सोलणारं कुणीतरी लागतं. या सीझनला कुरोदा-सान वाकले की समोरचे घाबरून मागे सरकतात, आता चेंडू फेकणार म्हणून. मधे मोकळं रान पडतं. आम्ही आपले चेंडू घेऊन पळतो.