सतरंजीवरची जागा

ती आमच्या पिपरी मेघेच्या गल्लीत आरोग्याच्या सर्वेक्षणाला यायची. तिला खुर्ची देऊन देऊन मी थकलो, पण ती कधी बसली नाही. दाराला टेकून, या पायावरून त्या पायावर होत विचारायची, "काका, संध्याकाळी बसलं का पायात मुंग्या चालल्यावानी होते का? उठून चालाव वाटते का?"

प्रत्येक घरात कोणीतरी हो म्हणायचंच. वर म्हणायचं, "मले वाटलं, मलेच होते."

"देशभर लय जणाईले होते," ती सांगायची. "बोलत नाई कोणी."

"अन् तुले?" मी एकदा विचारलं.

"होते ना. एक डाव तरी विहारात सगळ्याईसंग खाली बसून पुरी वंदना म्हणाव वाटते, काका."

रविवारी संध्याकाळी बुद्धविहारात ती मागे, चपलांजवळ उभी राहून वंदना म्हणायची. माझ्या बायकोसारख्या काही जणी मुंग्या दबाव्यात म्हणून पोटऱ्यांना जुन्या लुगड्याची पट्टी आवळून सतरंजीवर बसत. गेल्या रविवारी वंदना अर्ध्यावर असताना बायको उठली आणि तिच्याशेजारी जाऊन उभी राहिली. मग आणखी दोघी गेल्या.

ती त्यांच्याकडे बघून हसली. मग तिची नजर सतरंजीवर मोकळ्या झालेल्या जागेकडे गेली, आणि वंदना संपेपर्यंत तिथेच राहिली.