अग्निपालच्या पहिल्या अंकावरची सही

१२ डिसेंबर २०२३, मंगळवार. लातूर. थंडी बरीच. शेषेरावांबरोबर सकाळच्या बसने नांदेडला. अहमदपूरला बस थांबली, त्यांनी चहा घेतला नाही. बुद्धप्रियाने पुस्तक तपासले. सही खरी आहे, पण दाखला मिळत नाही. परतताना फारसे बोलणे झाले नाही. तूरडाळ निवडायची राहिली.

त्या दिवसाची नोंद एवढीच आहे. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला शिकवले होते की डायरीत घडले ते लिहावे, वाटले ते लिहू नये. ती सवय लग्नानंतर लातूरला आल्यावरही मोडली नाही. पण शेषेरावांविषयी लिहायचे तर तेवढ्याने भागत नाही, म्हणून हे वेगळ्या कागदावर लिहिते आहे.

शेषेराव मूळचे रेणापूरचे. तरुणपणी लातूरला आले आणि गंजगोलाई बाजाराच्या मागच्या गल्लीत एका जिन्याखाली त्यांनी रेणुका वाचनालय काढले. वाचनालय म्हणायचे, पण तिथे फक्त चित्रकथा मिळत. मुले पायऱ्यांवर बसून वाचत आणि वाचून झाले की पुस्तक परत देत. आमच्या यजमानांचा दवाखाना समोरच होता. इंजेक्शनाला घाबरलेल्या पोरांना ते सांगत, रडला नाहीस तर शेषेरावांकडे अग्निपाल वाचायला मिळेल. माझी दोन्ही मुले तिथेच वाचायला शिकली असे म्हटले तरी चालेल.

नव्या पुस्तकाला शेषेराव आधी पुठ्ठा घालत. नाहीतर आठ दिवसांत चिंध्या झाल्या असत्या. पुठ्ठा कापायचे काम त्यांचे, चिकटवायचे विठाबाईंचे. विठाबाई त्यांच्या पत्नी. चुलीवर मैद्याची खळ शिजवून, त्यात मोरचूद टाकून, त्या ओट्यावर बसून बोटांनी खळ लावत. मोरचूद घातले की झुरळे पुस्तक खात नाहीत. विठाबाईंना लिहितावाचता येत नव्हते. कोणी पोरगे उलटे पुस्तक परत ठेवू लागले तर मात्र चित्रावरून त्यांना बरोबर कळे. "डोकं खाली, पाय वर. तुझ्यावानीच हाय की रं," असे म्हणून त्या ते सरळ करून ठेवत.

अग्निपाल काढणारे चित्रकार नरहर कुंडलवाडीकर आपल्याच भागातले. मुंबईत नाव झाले तरी दिवाळीला गावी येत. एका वर्षी त्यांची बस लातुरात बंद पडली आणि ते गोलाईत चहा शोधत फिरत होते. दोरीवर चिमट्यांनी लावलेली स्वतःची पुस्तके पाहून ते जिन्याखाली वाकून आत आले. मी धाकट्याला घरी न्यायला आले होते, म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्यांनी पहिला अंक मागून घेतला, खिशातून चित्रांची काळी शाई भरलेले पेन काढले आणि पहिल्या पानावर सही केली. शेषेरावांनी ते पुस्तक पुन्हा दोरीवर लावले नाही. ते घरच्या लोखंडी पेटीत गेले.

मग टीव्ही आला, मोबाईल आले. पायऱ्यांवर कोणी बसेनासे झाले. करोनाच्या दुसऱ्या लाटेत विठाबाई गेल्या. तरी शेषेराव रोज सकाळी दुकान उघडून झाडत. गेल्या वर्षी इमारत पाडायचे ठरले तेव्हा मुलगा हरिओम पिंपरीहून आला. तो वाईट मुलगा नाही. त्याचे घर दोन खोल्यांचे, आणि वाचनालयाची पुस्तके भिंतभर. त्याने वडिलांना सांगितले की मी तुम्हाला घेऊन जातो, पण हे सगळे मला नेता येणार नाही.

त्याच सुमारास हैदराबादच्या एका संग्राहकांचा निरोप आला. कुंडलवाडीकर वारल्यापासून त्यांच्या सहीच्या पुस्तकांना मागणी होती. हे गृहस्थ सगळे वाचनालय घ्यायला तयार होते. एकही पुस्तक वेगळे न करता, दुकानाच्या पाटीसकट, आपल्या घरातल्या एका खोलीत 'रेणुका वाचनालय, लातूर' म्हणूनच ते मांडणार होते. अट एकच होती. पहिल्या अंकावरची सही खरी असल्याचा जाणकाराचा दाखला हवा. तो अंक नसेल तर त्यांना बाकीचे काही नको होते, कारण त्यातली बहुतेक पुस्तके त्यांच्याकडे होतीच. शेषेरावांनी मला विचारले, "वहिनी, तुम्ही तवा हुता. चलता का संगं?" मी गेले.

बुद्धप्रिया नांदेडला श्रीनगर भागात राहते. हस्ताक्षरे आणि जुने कागद तपासायचे शिक्षण घेतलेली, तिशीतली मुलगी. आधी न्यायालयाच्या कामांसाठी मृत्युपत्रे तपासायची, आता देशभरातून लोक तिच्याकडे सह्या केलेली जुनी चित्रकथांची पुस्तके पाठवतात. तिने आधी पाणी दिले, मग हात धुऊन पुसले आणि पुस्तक फडक्यावर ठेवले. बोलता बोलता तिने समजावून सांगितले. वाचनालयाचा शिक्का असला की अशा पुस्तकाची किंमत एरवी उतरते, पण इथे शिक्काच सांगतो की पुस्तक कुठून आले, म्हणून तो उपयोगाचा. पानांच्या पिनांना गंज नाही, ही जमेची बाजू. पुठ्ठ्याची खळ पाहून तिने विचारले की कोणी लावली, फार स्वच्छ काम आहे. शेषेराव म्हणाले, आमच्या घरातनं. ते अगदी खुशीत होते.

मग तिने दिवा पानाच्या कडेला आडवा धरला आणि भिंगातून बराच वेळ पाहिले. पान उलटून मागूनही पाहिले. शेवटी ती म्हणाली, "काका, राग मानू नका. ही सही गिरवली कोणी?"

"गिरवली? म्हंजी मी खोटी केली म्हनता काय?"

"नाही. खालची सही त्यांचीच आहे. पण तिच्यावरून कोणीतरी काळ्या बॉलपेनने पुन्हा लिहिलंय. एकदा नाही, बऱ्याचदा."

शेषेरावांचा चेहरा लाल झाला. त्यांनी सांगितले की पुस्तक पेटीत होते, किल्ली घरातच असे, परक्याचा हात लागायचा प्रश्नच नाही. आवाज चढला होता. तिने वाद घातला नाही. भिंग त्यांच्या हातात दिले आणि स्वतः शेजारी उभी राहिली. चित्रकारांनी आधी सगळी अक्षरे झरझर लिहिली आणि शेवटी वरची रेघ एका फटक्यात ओढली, हे खालच्या शाईत दिसते, असे ती म्हणाली. वरून गिरवणाऱ्या हाताने उलटे केले आहे. आधी रेघ, मग एकेक अक्षर रेघेला लावले आहे, सावकाश, खूप दाबून. तिने त्यांचे बोट पानाच्या मागच्या बाजूला टेकवले. तिथे अक्षरे उठलेली लागत होती.

शेषेरावांनी बोट फिरवले. पुन्हा फिरवले.

"रेघ आधी?" त्यांनी विचारले.

"हो."

"मग ही विठा हाय," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले.

पुढचे त्यांनी तुकड्यातुकड्यांनी सांगितले. सही झाली त्याच्या पुढच्या वर्षी नगरपालिकेच्या शाळेत बायकांसाठी साक्षरतेचा वर्ग निघाला होता. विठाबाई जात. घरी येऊन पाटीवर आधी रेघ मारायच्या आणि मग अक्षरे काढायच्या. शेषेराव हसायचे, तर त्या म्हणत, आधी दोरी बांधावी, मग धुणं वाळत घालावं. एकदा चारचौघांत शेषेरावांनी यावरून थट्टा केली. दुसऱ्या दिवसापासून विठाबाई वर्गाला गेल्या नाहीत. मन रमत नाही म्हणाल्या. शेषेरावांनाही ते खरे वाटले. बँकेत आणि रेशनला त्या शेवटपर्यंत अंगठाच देत राहिल्या.

"वर्गातल्या बाईनी सांगितलं आसंल, चांगलं अक्षर बघून गिरवा म्हनून," ते म्हणाले. "आमच्या घरात चांगलं अक्षर येवढंच हुतं."

बुद्धप्रियाने खोटी आशा दाखवली नाही. गिरवलेल्या सहीला खरी असल्याचा दाखला देता येत नाही. पण एक उपाय होता. चित्रांची शाई स्पिरिटने विरघळत नाही, बॉलपेनची विरघळते. वरचा थर कापसाने उतरवला तर खालची सही मोकळी होईल. तसे दाखल्यात लिहावे लागेल, आणि हैदराबादचे गृहस्थ बहुधा तेवढे चालवून घेतील. तिने तिथल्या तिथे फोन लावून त्यांना विचारले. ते हो म्हणाले.

शेषेरावांनी पुस्तक फडक्यावरून उचलून पिशवीत घातले. "ऱ्हाऊ द्या, ताई. जमायचं न्हाई."

बसमध्ये लोहा गेल्यावर ते एकदाच बोलले. "वहिनी, तिचं अक्षर माझ्याजवळ कागदाच्या कपट्यावर बी न्हाई. हे सोडून."  

जानेवारीच्या शेवटी हरिओम रद्दीवाल्याला घेऊन आला. वडील दुसरे काही सुचवत नव्हते आणि इमारतीचा मालक घाई करत होता, त्याच्यापुढे पर्याय नव्हता. मीही गेले होते, दोनचार पुस्तके नातवंडांसाठी मागून घ्यावीत म्हणून. शेषेराव जिन्याच्या पायरीवर बसले होते. रद्दीवाल्याने काटा टांगला, पहिला गठ्ठा सोडला आणि पुस्तकांचे पुठ्ठे ओढून काढायला सुरुवात केली. कागद आणि पुठ्ठा ते लोक वेगळा तोलतात, त्यात त्याची काही चूक नव्हती. पण खळ सुटेना. तो शिवी देऊन म्हणाला, कोण्या बाबानं चिकटवलंय हे, आणि गुडघ्याखाली पुस्तक दाबून पुठ्ठा फाडला. त्याबरोबर आतली पानेही आली.

"थांब," शेषेराव म्हणाले.

त्याने आणखी एक फाडला.

"आरं थांब म्हनलो ना."

ते उठले, फाटलेली दोन पुस्तके उचलली आणि पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला पाहत उभे राहिले. तिथे खळीवर बोटे फिरवल्याच्या रेषा सुकून राहिल्या होत्या. हरिओम म्हणाला, "आबा, आता कशाला? तुम्हीच नको म्हणालात की." शेषेराव माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, हे बी तिचंच हाय की. भिंतभर. त्या ताईला फोन लावा. वरचं पुसून टाका म्हनावं."

फेब्रुवारीत आम्ही पुन्हा नांदेडला गेलो. शेषेरावांनी बाहेर थांबायला नकार दिला. बुद्धप्रियाने काडीला कापूस गुंडाळून, तो बाटलीत बुडवून झटकला आणि रेघेवरून हलकेच फिरवला. मला वाटले होते काळे उतरेल. जांभळे उतरले. एक कापूस जांभळा झाला की ती तो स्टीलच्या वाटीत टाकी आणि दुसरा घेई. आधी रेघ गेली. मग अक्षरे. शेषेराव हात मांडीखाली दाबून बसले होते. मी खिडकीकडे पाहत होते, पण मध्येच वळून पाहत होते.

झाल्यावर तिने भिंग पुढे केले. ते त्यांनी घेतले नाही, नुसत्या डोळ्यांनी पाहिले. "बारीक हाय की," ते म्हणाले. "मी इतकी वर्सं जाड समजून राहिलो."

बुद्धप्रियाने सांगितले की मागे उठलेला दाबही वजनाखाली ठेवला तर चार दिवसांत बसेल, त्याने किंमत सुधारेल. शेषेराव म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या." एवढेच त्यांनी स्वतःसाठी मागितले. तिने हैदराबादला न विचारताच बरे म्हटले. दाखला इंग्रजीत होता. मी तो वाचून मराठीत सांगितला. 'नंतर कोणा अज्ञात व्यक्तीने केलेले लेखन काढून टाकले आहे,' असे त्यात होते. अज्ञात या शब्दाशी मी थांबले. त्यांनी पुढे वाचा म्हणून मान हलवली. निघताना बुद्धप्रियाने वाटी उचलून कापूस कचऱ्यात टाकला. तिलाही ते कठीण गेले असावे, कारण तिने पाठ वळवली आणि बराच वेळ नळाखाली हात धुतले.

पुढच्या आठवड्यात हैदराबादचा टेम्पो आला. हमालांनी गठ्ठे नीट बांधून नेले, पाटीही खिळे काढून नेली. फाटलेली दोन पुस्तके शेषेरावांनी आदल्या दिवशी खळ शिजवून पुन्हा बांधली होती. ती जमली नव्हती, पुठ्ठा वाकडा बसला होता. मोरचूद किती घालायचे ते त्यांना माहीत नव्हते. तीही त्यांनी टेम्पोतच दिली. पहिला अंक वेगळ्या डब्यात होता. डबा देताना त्यांनी तो उघडला नाही.

दुपारी हरिओमची गाडी निघाली. शेषेरावांनी काचेतून हात जोडले आणि विचारले, "वहिनी, बरुबर केलं का मी?" मी म्हणाले, "वाचनालय राहिलं, शेषेराव." त्यांनी मान डोलावली. त्यांनी विचारले होते ते हे नव्हते, हे मला कळले आणि त्यांनाही. गाडी गोलाईला वळेपर्यंत मी उभी होते.

संध्याकाळी डायरी उघडली. टेम्पो आला, शेषेराव पिंपरीला गेले, असे लिहिले. त्याखाली लिहिले: स्वयंपाक करताना गॅस संपला. दुसरे सिलिंडर लावले.