हिंगे सरांनी विचारलेला प्रश्न

सर गेल्याची बातमी मला एका फ्लेक्सच्या फोटोतून कळली. पुण्यात ऑफिसमध्ये जेवणाचा डबा उघडला होता, तेवढ्यात मंचरहून शबानानं, माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीनं, तो पाठवला. फुलांच्या चौकटीत हिंगे सरांचा हसरा चेहरा, खाली कॉलेजचं नाव आणि मोठ्या अक्षरांत ‘आमच्या महाविद्यालयाचे भूषण’. खरं सांगते, आधी रडू आलं नाही, राग आला... एका प्रश्नासाठी ज्या माणसाला संस्थेनं घरी बसवलं, तो मेल्यावर तिला भूषण वाटू लागला! काही आठवडे उलटले तरी तो राग उतरलेला नाही.

सर अवसरी खुर्दचे. आम्हाला अर्थशास्त्र शिकवायचे, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास तेवढाच पगार, आणि दर जूनला नेमणुकीची नवी ऑर्डर. कायमची जागा रिकामी होती, पण ती भरायला सरकारची परवानगी कधी आलीच नाही. मी डिंभे धरणाच्या वरच्या अंगाची. वडील धरणात मासे धरतात. घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. पुस्तकातलं अर्थशास्त्र मला डोंगराएवढं वाटायचं आणि सर ते आमच्या बांधावर आणून ठेवायचे.

एकदा त्यांनी अमेरिकेच्या एका जुन्या, पुराणमतवादी राष्ट्राध्यक्षांचं धोरण शिकवायला घेतलं. श्रीमंतांचा कर कमी करायचा, गरिबांच्या मदतीला कात्री लावायची. वरच्यांकडं पैसा साठला की तो आपोआप खाली झिरपतो, असा त्यामागचा हिशेब. सर म्हणाले, “त्यांच्या सरकारात शाळेच्या जेवणातला टोमॅटो सॉस भाजी म्हणून धरायचं घाटत व्हतं. लोकांनी बोंब मारली, तवा मागं घेतलं.” नारायणगावचा एक जण मागून ओरडला, “सर, मग आपल्या टोमॅटोला लई भाव आला असता की राव!” सगळा वर्ग हसला. सरही हसले. मग म्हणाले, “ज्या पोराच्या ताटातली भाजी गेली, ते न्हाई हसलं.”

आणि झिरपणं समजावायला ते आम्हाला पाटावर घेऊन गेले. धरणातलं पाणी पाटानं खाली सोडतात. तोंडाशी ऊस उभा होता, पाणी बांधावरून वाहत होतं. पाटाचं शेवटचं टोक, ज्याला आमच्याकडं टेल म्हणतात, तिथं तळाला भेगा पडलेल्या. मी म्हणाले, “सर, आमी तर धरणाच्या उशाला राहतो. आमाला पण नाय मिळत.” सर म्हणाले, “तुमच्या जमिनी बुडवून धरण झालं, पोरी. ज्यांच्या जिवावर असलं काही उभं राहतं, त्यांचं नाव वाटपात नसतं. तिकडं अमेरिकेतही हेच झालं. आता पेपरात उत्तर लिहिताना हे आठव.”

माझ्या शेवटच्या वर्षी संस्थेच्या वर्धापनदिनाला पुण्याहून एक मोठे वक्ते आले. मी आणि शबाना पुष्पगुच्छ घेऊन स्टेजच्या बाजूला उभ्या होतो. कार्यक्रमाआधी संस्थेचे सचिव सरांना आमच्यासमोरच म्हणाले, “हिंगे, आज शहाणपणा नको. जूनला तुमची ऑर्डर काढायचीय.” सर म्हणाले, “बघू.”

वक्त्यांनी त्याच राष्ट्राध्यक्षांचं तोंड भरून कौतुक केलं. आपल्याकडंही तेच व्हायला हवं म्हणाले. कॉलेजांची अनुदानं बंद करा, फुकट शिकलेल्याला शिक्षणाची किंमत नसते. पहिल्या रांगेतून टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत सचिव होते, आणि त्यांचं कॉलेज अनुदानावर उभं होतं. मग सर उठले. आवाज चढवला नाही.

“पावणं, एकच विचारतो. वरून सोडलेलं पाणी आपणहून टेलला पोचलंय, असं एक गाव दावा. उद्यापासून मी तुमचंच शिकवीन. न्हाईतर या पोरांकडं बघून सांगा... ह्यातली निम्मी आपल्या घरातली कॉलेजात आलेली पयली हायेत. फुकट शिकत्यात म्हणून ह्यांना किंमत न्हाई?”

वक्ते हसून म्हणाले, “प्रश्न भावनिक आहे.” आणि पाणी प्यायले. मागच्या रांगांतून मात्र शिट्ट्या पडल्या.

जूनमध्ये सरांची ऑर्डर निघाली नाही. आम्ही ऑफिसात विचारायला गेलो, तर क्लार्क म्हणाला, “वर्कलोड नाही, तेवढे तासच नाहीत.” त्याच वर्षी अर्थशास्त्राच्या वर्गात बसायला बाकं पुरत नव्हती! तासिकेवरच्या माणसाला ना पेन्शन, ना आजारपणाची रजा, ना दाद मागायला जागा. त्याला काढावंही लागत नाही, फक्त पुन्हा बोलवायचं नाही. परदेशातल्या त्या धोरणाचे समाजावर झालेले परिणाम मी परीक्षेत मुद्द्यांसकट लिहिले होते. त्यातलाच एक परिणाम सरांच्या रूपानं मला शिकवत होता, हे तेव्हा कळलं नाही.

सरांनी मंचरला पिठाच्या गिरणीवरची खोली भाड्यानं घेतली आणि शिकवणी चालू ठेवली. छातीत दुखायचं तेव्हा म्हणायचे, “पोरांची परीक्षा व्हऊ दे, मग दाखवतो.” परीक्षा झाली... सर राहिले नाहीत.

कॉलेजच्या शोकसभेला मी गेले नाही. गेल्या रविवारी त्या खोलीवर गेले. आता शबाना तिथं शिकवते. जुन्नरच्या बांगडीवाल्यांची ही मुलगी, तिच्याही घरात ती पहिलीच पदवीधर. खाली गिरणी घरघरत होती, खोली भरलेली, पोरं भिंतीला टेकून बसलेली. फक्त पुढचं बाक रिकामं. एक नवी मुलगी त्यावर जाऊन बसली, तशी शेजारचीनं तिची ओढणी ओढली. “ए, उठ गं. डिंभ्याच्या पोरींची जागा ही. त्यांची एस्टी यायचीय अजून.”

“आली न्हाई तर?”

“येती. उशिरा येती.”

शबाना खडू हातात धरून खिडकीतून रस्त्याकडं बघत उभी राहिली. कुणी कुरकुर केली नाही. बऱ्याच वेळानं जिन्यात धाडधाड पावलं वाजली. तीन मुली धापा टाकत आत आल्या, कुणाकडं न बघता सरळ पुढच्या बाकावर बसल्या आणि त्यांनी वह्या उघडल्या.

मग शबाना फळ्याकडं वळली.