बेलचा पाइप

कॅमेरे, इंटरनेट, इंटरकॉम, बेल. घरातल्या ज्या वायरींना हात लागला तरी झटका बसत नाही, त्या सगळ्या माझ्या. राहतो अकोल्याला, कामं अमरावतीपर्यंत घेतो. लोकांना हे किरकोळ वाटतं. भाव करताना मलाही कधीकधी तसंच वाटतं, आणि तिथंच मी माती खातो.

अमरावतीचे एक गुरुजी घर बांधत होते. भिक्षुकी करणारे, सत्तरीचे. बायकोला लकवा झालेला, वाचा गेलेली. भाड्याच्या घरात बाईंच्या उशाशी वायरला लटकतं बटण होतं आणि मागे स्वयंपाकघरात बेल. मधली वायर भिंतीवरून प्लास्टिकच्या पट्टीत नेलेली. एके दिवशी ती उंदरानं कुरतडली. बाई पलंगावरून पडल्या आणि हातातलं बटण दाबत दोन तास फरशीवर राहिल्या. आत गुरुजी पूजेला बसले होते, त्यांना वाटलं झोपली आहे.

"बाकी काही विसरलात तरी चालेल," गुरुजी मला म्हणाले होते, "पण ही वायर स्लॅबच्या पोटातून न्या. सेलवरच्या बिनवायरच्या बेलचं नाव काढू नका, सेल कधी संपेल कळत नाही."

आमच्यात भाव पॉइंटवर ठरतो; एक कॅमेरा, एक बेल, म्हणजे एकेक पॉइंट. जितके पॉइंट, तितका भाव. बांधकामाचा ठेकेदार म्हणाला, दुसरा माणूस स्वस्तात करून राहिला. माझं टाळकं सटकलं. मी तिथल्या तिथं यादीतून बेल खोडली. नाहीतरी लाइटवाला वायरींसाठी स्लॅबमध्ये पाइप टाकतोच, त्यातच एक बेलचाही टाकेल, असं मनाशी धरलं. लाइटवाले म्हणजे बाळापूरचे चाचा, पंचवीस वर्षं याच कामात. त्यांना सांगायचं मात्र राहून गेलं. बेल बारा व्होल्टची, म्हणजे माझी, असं त्यांनी धरलं.

स्लॅबच्या दिवशी मी साइटवर पोचलो तेव्हा मिक्सर धडधडत होता. मुहूर्ताचं पहिलं घमेलं गुरुजींनी स्वतः टाकलं होतं. शिडी चढलो, सळयांमधले पाइप मोजले. पुन्हा मोजले. बाईंच्या खोलीवरून स्वयंपाकघराकडे एकही पाइप जात नव्हता, आणि काँक्रीटचा माल त्या खोलीच्या कोपऱ्यावरून पुढे सरकत होता.

"चाचा, बेलचा पाइप?"

"वो तो तुमचा ना, भाई?"

मी हात हलवत ओरडलो, "थांबवा! मिक्सर थांबवा!"

"काहून बोंबलून राहिले?" ठेकेदार धावत आला. "आता काई थांबत नाई. मागून वरून पट्टी मारजा ना!"

खरं सांगतो, एक क्षण मला ते पटलं. पट्टी मारली असती, रंग दिला असता, गुरुजींना काय कळणार होतं? आणि मग त्या फरशीवरच्या बाई आठवल्या. स्वतःचीच शिसारी आली.

खाली गुरुजी पंचा खांद्यावर टाकून उभे होते. मी शिडीवरूनच सांगितलं, "गुरुजी, बेलचा पाइप राहिला."

त्यांनी ठेकेदाराकडे पाहिलं. "थांबवा."

"अहो गुरुजी, मुहूर्ताचं पहिलं घमेलं पडलं का स्लॅब पुरा होईपर्यंत हात थांबवू नये, हे तुमीच तं साऱ्या गावाले सांगता!"

"लोकांना सांगतो. आता थांबवा म्हणतो ना!"

मिक्सर बंद झाला. गुरुजींनी विचारलं, "बेल तुमच्या यादीत होती ना?"

चाचा माझ्याकडे बघत होते. त्यांच्यावर ढकलणं सोपं होतं. "होती, गुरुजी. भाव कमी दिसावा म्हणून मीच खोडली."

त्यांनी फक्त स्लॅबकडे बोट दाखवलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी हातांनी ओला माल उपसायला लागलो. चाचांनी पाइप कापला, बेंड बसवला. दोघांनी मिळून तो सळयांना तारेनं बांधला. ठेकेदार खालून ओरडत होता, "माल आवळून राहिला, बाप्पा, घट्ट होऊन जाईन! आटपा!" अर्ध्या तासानं मिक्सर पुन्हा सुरू झाला. सिमेंटनं माझ्या बोटांची सालं निघाली, आठ दिवस घास धरता येईना.

घर झाल्यावर बेल जोडायला गेलो. गुरुजी कणीक मळत होते. मी बजावलं, "आता बेल वाजेल, फक्त टेस्टिंग आहे. तुम्ही उठू नका." बाईंच्या डाव्या हातात बटण दिलं. त्यांनी दाबलं. आत बेल वाजली, आणि कणकेच्या हातांनी गुरुजी धापा टाकत दारात.

"गुरुजी, सांगितलं होतं ना, टेस्टिंग आहे म्हणून?"

"हो," ते म्हणाले. "पण बेल वाजली ना."