पदराची ऊब

गच्चीवर कुरडया घालताना माझ्या नणंदेच्या, सुषमाच्या, डोळ्यात कचरा गेला. "वहिनी, पदराची ऊब द्या हो," ती म्हणाली.

म्हणजे पदराचा बोळा करायचा, त्यात तोंडाची वाफ भरायची आणि डोळ्यावर धरायचा. मी घुटमळले. माझ्या श्वासाला वर्षानुवर्षं वास येतो. दात तपासले, बिघडलेल्या पोटाची औषधं झाली, कारण काही सापडत नाही. बोलताना मी हातभर लांबच उभी राहते. जेवणानंतर बडीशेपेची वाटी आधी माझ्याकडे सरकते, ती मी हसून घेते.

"तूच फुंक ना," मी म्हटलं.

"माझे हात चिकाने बरबटलेत. द्या लवकर!"

बोळ्यात श्वास सोडून मी तो तिच्या डोळ्यावर, नाकाला लागूनच धरला. ती मागे सरली नाही. "गार झाला, पुन्हा," म्हणाली. लेकरांच्या खरचटलेल्या गुडघ्यांवर याच श्वासाने फुंकर घातली होती मी. किती दिवसांनी आठवलं!

पदराला काळा कण लागून आला. "निघाला गं," मी मागे होत म्हटलं.

तिने कोपराने माझा हात तिथेच अडवला. "असू दे. अजून एकदा द्या, बरं वाटतंय."