बाहेर मामा, घरात बाबा

साताऱ्यात भाड्याची खोली मिळावी म्हणून मी आणि माझ्या मुलीच्या आईनं घरमालकीणबाईंना थाप मारली होती. हिचा नवरा फौजेत आहे आणि मी सोबतीला राहिलेला भाऊ. या गावात तेवढं पुरतं. लग्न आम्ही केलंच नव्हतं.

मुलगी झाली. जावळाला मालकीणबाईच पुढे झाल्या. "आवं मामा, भाचीला मांडीवर घ्या की!" मी घेतलं. वस्तरा टेकताच पोरीनं माझा अंगठा गच्च धरला. तेवढ्या सुखात मी पुन्हा कधी बसलो नाही.

पुढे तिच्या वेण्या मीच घालायचो, वाकड्यातिकड्या. शाळेत मीच सोडायचो. बाहेर मामा आणि दार लागलं की बाबा, हे ती खेळासारखं शिकली.

मग तिच्या आईनं सांगलीत नोकरी धरली आणि पोरीला घेऊन निघाली. मला विचारल्याशिवाय दाखला देऊ नका, असं सांगायला मी तावातावानं शाळेत गेलो. मुख्याध्यापिका समजुतीनं म्हणाल्या, "लळा असतो हो, पण बहिणीच्या संसारात मामानं किती पडायचं?" जन्मदाखल्यावरही बापाचं नाव आम्ही लावलं नव्हतं. चिडणार कुणावर? थाप माझीच होती.

आता महिन्यातून एकदा एसटीनं सांगलीजवळ माधवनगरला त्यांच्याकडे जातो. ती गल्लीतूनच ओरडत येते, "मामा आला!" हात धरून घरात नेते आणि दार लावते.

गेल्या खेपेला दार लागलं, तरी ती मामाच म्हणाली.